ध्यानाचा पहिला षड्ज

लष्करातील जुन्या मराठी घरांतून ध्यानाचा विषय निघाला, की एक तक्रार हमखास ऐकू येते: “डोळे मिटून बसतो खरे, पण मन जागेवर राहत नाही. आमच्याच्याने हे व्हायचे नाही.”

ही तक्रार ग्वाल्हेरकराने करावी, याचे नवल वाटते. १९१८ साली भातखंडे व माधवराव महाराज यांच्या पुढाकाराने येथे माधव संगीत विद्यालय निघाले. त्याच्याही आधीपासून या गावात पहाटे तंबोऱ्यापाशी बसून षड्ज लावण्याचा परिपाठ आहे. पहिल्याच दिवशी कोणाचा षड्ज ठरला? तो ढळतो, कानाला कळते, आणि पुन्हा जागेवर आणावा लागतो. त्यालाच आपण रियाज म्हणतो.

ध्यानात श्वास हाच तंबोरा समजावा. लक्ष पेन्शनीच्या कागदांकडे किंवा परदेशी गेलेल्या मुलाकडे धावले, तर न रागावता श्वासावर परत आणावे. मन भटकले हे ध्यानात येणे, हीच पहिली कमाई. आरंभी रोज दहा मिनिटे पुरेत. मांडी घालवत नसेल तर खुर्चीही चालेल.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. झोप कायमची उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर नुसत्या ध्यानावर विसंबू नये, डॉक्टरांकडे जावे. आपल्याच शहरात मानसिक आरोग्यशाला आहे. घराण्याच्या अब्रूपायी तिचा उंबरठा टाळण्यात कोणता शहाणपणा? तार तुटली असता रियाज थांबवून आधी तार बदलावी लागते, हे गाणाऱ्या गावाला सांगायला नको.