वारसनोंदीबाहेरची लेक

जमिनीचा मालक कोण आणि ती प्रत्यक्ष कोणाच्या ताब्यात आहे, हे दोन प्रश्न कायद्याने निराळे मानले आहेत. नाशिक जिल्ह्यातील हरसूलसारख्या आदिवासी भागात या दोहोंच्या फटीत सापडते ती घरातील लेक. भात, नागली आणि वरई पिकविणाऱ्या या डोंगराळ मुलखात जमिनीवाचून कुटुंबाला दुसरा आधार थोडाच; म्हणूनच तेथील वाटणीचा वाद हा पोटाचा वाद असतो.

आदिवासींची जमीन बाहेरच्यांच्या घशात जाऊ नये यासाठी महाराष्ट्राने पुष्कळ केले. जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ यांनी बिगरआदिवासीकडे होणाऱ्या हस्तांतरावर निर्बंध घातले. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. बाहेरचे दार असे बंद झाले. घरातील वाटणीचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम 2(2) सांगते की, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. त्यामुळे महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि संसदेने 2005 मध्ये मुलींना दिलेला वडिलोपार्जित मालमत्तेतील समान हक्क आदिवासी मुलीपर्यंत पोहोचलाच नाही. तिच्या वाट्याला उरली ती रूढी, आणि रूढी काय आहे हे सांगणार बहुधा भाऊच!

बाप वारला की वारसनोंद होते आणि फेरफार मंजूर होतो. ज्याचे नाव सातबाऱ्यावर चढले, त्याच्या बाजूने कायद्याचे गृहीतक उभे राहते. या नोंदीने मालकी निर्माण होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. पण ती खोडून काढण्याचा भार वगळल्या गेलेल्या बहिणीवर पडतो. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सर्वांचा ताबा, हे तत्त्वही ज्याचा हिस्सा मान्य आहे त्याच्याच उपयोगी.

या अंधारात 17 जुलै 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दिलासा देणारा आहे. छत्तीसगडमधील एका गोंड स्त्रीच्या वारसांनी आजोबांच्या जमिनीत हिस्सा मागितला होता. 1992 मध्ये उद्भवलेल्या या वादात, खालच्या न्यायालयांनी मुलीला हिस्सा देणारी रूढी सिद्ध करा, असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्नच उलटा केला: मुलीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नाही, तेव्हा समतेच्या तत्त्वानुसार तिचा वाटा तिला मिळालाच पाहिजे. तथापि ऑक्टोबर 2025 मध्ये याच न्यायालयाने 1956 चा कायदा जमातींना लागू नसल्याचे पुन्हा स्पष्ट केले. म्हणजे प्रत्येक लेकीने आपली लढाई स्वतंत्रपणे, आणि कदाचित तीन दशके, लढायची काय?

मुलीला हिस्सा दिला तर ती जमातीबाहेर विवाह करील आणि जमीन परक्याची होईल, असा आक्षेप घेतला जातो. ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु तिचा उपाय हस्तांतराचे नियम कडक करणे हा आहे. सर्व लेकींना भूमिहीन ठेवणे हा नव्हे. जमीन गहाण टाकणाऱ्या वा गुपचूप विकणाऱ्या पुत्रांमुळे कोणी सर्व पुत्रांचा वारसा काढून घेतला नाही.

मार्ग अवघड नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने विवाहित दावेदाराच्या वनपट्ट्यावर पती-पत्नी दोघांची नावे घालण्याची तरतूद केली. वनजमिनीवर जे शक्य झाले, ते मालकीच्या शेतावर अशक्य का असावे? अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना 1996 च्या पेसा कायद्याने आपल्या परंपरा जपण्याचा अधिकार दिला आहे. परंपरा जपणे म्हणजे तिच्यातील अन्याय जपणे नव्हे. वारसनोंदीत लेकीचे नाव आलेच पाहिजे, असा ठराव ग्रामसभांनी करावा, आणि जमातींच्या चालीरीती लक्षात घेऊन स्वतंत्र वारसा कायदा विधिमंडळाने करावा. आवणीच्या चिखलात राबणाऱ्या लेकीचा हात शेताला चालतो. मग तिचे नाव सातबाऱ्याला का चालू नये, याचे उत्तर आता समाजाने आणि शासनाने द्यावयाचे आहे.