धबधबा कोणाचा?

परदेशी स्थायिक झालेल्या आप्तांना भेटावयास आपल्याकडील पुष्कळ कुटुंबे हल्ली अमेरिका-कॅनडास जातात, आणि त्यांच्या प्रवासात एक दिवस हमखास नायगाऱ्याचा असतो. सकाळी टोरोंटोहून निघावे, सुमारे १३० किलोमीटर मोटारीने जावे, नौकेतून प्रपाताच्या पायथ्याशी तुषारस्नान करावे, छायाचित्रे काढावीत आणि रात्री घरी परतावे, असा तो क्रम. परत आल्यावर उद्गार निघतो तो असा : ‘निसर्गाचे ते रौद्र रूप पाहिले म्हणजे आपले धबधबे केवळ पोरखेळ वाटतात !’ या उद्गारातील दोन्ही विधाने मला मान्य नाहीत.

पहिली गोष्ट, तेथे जे दिसते ते केवळ निसर्गाचे रूप नव्हे. नायगारा नदीचा सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे २ लाख घनफूट आहे. अमेरिका व कॅनडा यांनी १९५० साली करार करून असे ठरविले की, पर्यटनाच्या हंगामात दिवसा निदान १ लाख घनफूट पाणी प्रपातावरून वाहू द्यावे. रात्री व इतर काळात ५० हजार. उरलेले पाणी दोन्ही राष्ट्रांनी विजेसाठी निम्मेनिम्मे घ्यावे. म्हणजे दुपारी प्रेक्षक ज्या महाप्रपातापुढे स्तब्ध होतो, तो नदीच्या सुमारे अर्ध्या पाण्याचा. मध्यरात्री त्याचाही अर्धा भागच उरतो. पाणी वळविल्यामुळे कड्याची झीज मंदावली, हाही त्याचा एक परिणाम होय.

मग ही प्रेक्षकांची फसवणूक समजावयाची काय? मुळीच नाही. उलट, मला तर यातच मनुष्याच्या शहाणपणाचे दर्शन घडते. एके काळी नायगाऱ्याचा अमेरिकेकडील काठ खाजगी मालकीचा होता आणि प्रपात नुसता डोळ्यांनी पाहण्यासाठीही पैसे मोजावे लागत. लोकांनी चळवळ केली. १८८५ साली न्यूयॉर्क राज्याने तो काठ विकत घेऊन सर्वांस मोकळा केला. प्रथम पाहण्याचा हक्क मिळाला आणि पुढे, वीज हवी असतानाही, त्या हक्काचा वाटा कायद्याने मोजून राखून ठेवण्यात आला. पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब मांडताना डोळ्यांची तहानही जमेस धरली गेली, ही लहान गोष्ट नव्हे.

आता आपल्याकडे पाहू. माझी मातृभाषा कोकणी. आमच्या बोलीत धबधब्याला ‘धबधबो’ म्हणतात. ज्या शरावतीचे मुख कोकणी माणसांच्या होन्नावरला आहे, तिच्याच वरच्या अंगाला गेरसप्प्याचा जोग आहे. त्याची उंची २५३ मीटर, नायगाऱ्याच्या चौपटीहून अधिक. राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट या त्याच्या चार धारा पावसाळ्यात पाहिलेला मनुष्य त्यांना पोरखेळ म्हणणार नाही. परंतु १९४० नंतरच्या दशकात तेथे वीजघर उभे राहिले, १९६४ साली लिंगनमक्कीचे धरण झाले, आणि तेव्हापासून उन्हाळ्यात त्या कड्यावर पाण्याचे जेमतेम धागे लोंबताना दिसतात.

येथे कोणी म्हणेल की, गरीब देशाला दिवे आधी लागतात, देखावे मागाहून. हा आक्षेप मी मनापासून मान्य करतो. त्या विजेने म्हैसूरचे कारखाने चालले, हजारो घरांत मुले रात्री अभ्यास करू शकली. इतकेच नव्हे, तर ज्यांची गावे जलाशयाखाली गेली, त्यांचा हक्क पर्यटकाच्या हक्काआधी येतो. पण म्हणून पाहणाऱ्याचा वाटा शून्य ठरत नाही. तो लहान असो, वर्षातील ठरावीक दिवसांपुरता असो; पण तो ठरलेला असावा, जाहीर असावा, आणि सरकारच्या मर्जीवर नव्हे तर नियमावर अवलंबून असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यार्थिमित्रहो, हैदराबादकरांना ही गोष्ट परकी वाटू नये. १९०८ च्या महापुरानंतर मुसीला आवर घालण्यासाठी उस्मानसागर व हिमायतसागर बांधले गेले. आज पावसाळ्यात मुसीच्या पात्रात पाणी किती यावे, हे ढगांइतकेच त्या दरवाजांवर बसलेल्या माणसांवरही अवलंबून असते. नदी हा निसर्ग आहे खरा. पण तिचे वाहणे हा आता पुष्कळ अंशी माणसांचा निर्णय झाला आहे. आणि निर्णय म्हटला की नागरिकाने त्याविषयी प्रश्न विचारलाच पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी की, नायगाऱ्याची स्वप्ने पाहण्यापूर्वी आपल्या शाळेची एक सहल आदिलाबाद जिल्ह्यातील कुंतल्याला जावी. कडम नदीवरील हा धबधबा सुमारे ४५ मीटर उंच आहे. नागपूरच्या रस्त्याने पहाटे निघाल्यास एका दिवसात जाऊन येता येते. शिक्षकांनी सांगितलेल्या जागीच उभे राहावे, निसरड्या खडकावरचे धाडस कोणी करू नये. परंतु केवळ छायाचित्र घेऊन परत फिरू नये. हे पाणी कोठून येते, गोदावरीला मिळण्यापूर्वी कोणाची शेते भिजविते, आणि उद्या ते वळवावयाचे झाल्यास कोणाला विचारले जाईल, हे तीन प्रश्न वहीत लिहून न्यावेत आणि गावकऱ्यांना नम्रपणे विचारावेत.

असे पाहावयास शिकलेला विद्यार्थी पुढे खुशाल नायगाऱ्याला जावो. त्याला तेथे प्रपात तर दिसेलच; शिवाय त्यामागचा करारही दिसेल, आणि आपल्या देशात काय करावयाचे राहिले आहे, तेही त्याच्या ध्यानी येईल.