पाना नको, पण पाहणी हवी : चेनसॉच्या झाकणांचा विचार

कोकणातील काजूबागेत रोठ्याने पोखरलेले झाड, केरळातील परसात सोंड्या भुंग्याने शेंडा कोसळलेला माड आणि पंजाब-हरियाणातील शेतात तोडणीस आलेला पॉप्लर, या तिन्ही ठिकाणी आज एकच यंत्र पोहोचते. ते म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळी करवत, अर्थात चेनसॉ. कुऱ्हाड आणि दोन माणसांनी ओढायची करवत यांची जागा तिने झपाट्याने घेतली आहे. यंत्र घेताना चर्चा होते ती इंजिनाची ताकद, पट्टीची लांबी, वजन आणि किंमत यांची. इंधनाच्या आणि तेलाच्या टाकीची झाकणे कशी आहेत, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक, टाकी भरताना दर वेळी कामगाराचा हात ज्या भागाला लागतो तो भाग हाच, आणि पेट्रोलचा धोका सुरू होतो तोही येथूनच. म्हणून कोणत्याही अवजाराविना उघडता व लावता येणारी झाकणे ही चैन न मानता खरेदीची अट मानली पाहिजे. मात्र अशी झाकणे स्वतःहून सुरक्षित नसतात, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

पीकसंरक्षणाशी या यंत्राचा संबंध वरवर दिसतो त्याहून जवळचा आहे. खोड पोखरणाऱ्या किडींच्या व्यवस्थापनात कीडग्रस्त झाड वेळेवर काढणे हा औषधोपचाराइतकाच महत्त्वाचा उपाय आहे. काजूवरील रोठ्याने बुंध्याची साल निम्म्याहून अधिक पोखरली आणि पाने पिवळी पडली, की ते झाड सहसा वाचत नाही. ते तसेच उभे राहिले तर आतील अळ्यांचे भुंगेरे होतात आणि शेजारच्या निरोगी झाडांवर अंडी घालतात. आंब्यावरील भिरूडाची गोष्टही फार वेगळी नाही. त्याचे भुंगेरे पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर पडू लागतात; त्याआधी वाळलेल्या फांद्या आणि मेलेले बुंधे बागेतून हलवावे लागतात. सोंड्या भुंग्याने मेलेला माड नुसता पाडून भागत नाही, त्याचे खोड फोडून आतील अळ्या व कोष नष्ट करावे लागतात. ही सगळी कामे मुदतीची आहेत. त्या मोजक्या दिवसांत यंत्र गळतीमुळे बंद पडले, किंवा त्याहून वाईट म्हणजे माणूस भाजला, तर त्याची किंमत पुढील हंगामात संपूर्ण बाग मोजते.

या यंत्राच्या साखळीवर कीटकसृष्टीचे एक जुने ऋणही आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जंगलतोडीचे काम करणाऱ्या जोसेफ कॉक्स यांनी १९४६ मध्ये एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी भुंगेऱ्याची अळी पाहिली. तिचे जबडे पुढे-मागे न चालता डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे चालत होते, आणि ती लाकडाच्या तंतूंच्या दिशेने तसेच तंतूंना आडवेही सहज कापत होती. त्या जबड्यांच्या घडणीवरून त्यांनी साखळीचे दाते रचले आणि १९४७ मध्ये त्यांची साखळी बाजारात आली. आजच्या बहुतेक साखळ्या त्याच कल्पनेच्या वंशज आहेत. यंत्राच्या धारेवर एवढे सूक्ष्म निरीक्षण खर्ची पडले. त्याच यंत्राच्या झाकणाकडे मात्र वापरणाऱ्यांचे दुर्लक्ष व्हावे, हे विसंगत आहे.

मध्यम आकाराच्या चेनसॉची इंधनटाकी साधारण अर्धा लिटरची असते. सलग कामात ती तासाभराच्या आतबाहेर रिकामी होते. म्हणजे दिवसभरात टाकी अनेकदा भरावी लागते आणि दर वेळी दोन झाकणे उघडावी व लावावी लागतात : एक पेट्रोलचे, दुसरे साखळीच्या तेलाचे. जुन्या पद्धतीच्या झाकणाला आटे असतात आणि मधोमध एक खाच असते. त्या खाचेत यंत्रासोबत मिळणारा जोडपाना घालून झाकण घट्ट करणे अपेक्षित असते. कागदावर ही रचना निर्दोष आहे. बागेत मात्र पाना भुशात हरवतो, दुसऱ्या गड्याच्या खिशात राहतो किंवा घरीच विसरला जातो. मग कोयत्याचे टोक, जुने नाणे, जो सापडेल तो स्क्रू ड्रायव्हर यांवर काम भागवले जाते. खाचेच्या कडा झिजतात. झाकण कधी नुसत्या हाताने अर्धवट लावले जाते आणि इंजिनाच्या कंपनाने सैल होते. कधी ते इतके आवळले जाते की आटेच मरतात. दोन्हींचा शेवट गळतीत होतो.

पेट्रोलची गळती ही केवळ नासाडी नव्हे. शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस एवढ्या थंडीतही पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. मग एप्रिल-मेच्या उन्हात काय होत असेल, याची कल्पना करता येते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, पालापाचोळ्यात साचते. चेनसॉचा सायलेन्सर टाकीपासून वीतभर अंतरावर असतो आणि काम थांबल्यावरही काही मिनिटे तापलेला राहतो. यंत्र चालवणारा ते छातीपोटाजवळ धरतो. सैल झाकणातून झिरपलेले पेट्रोल त्याच्या मांडीवर किंवा सदऱ्यावर पसरले तर पुढचा अपघात एका ठिणगीच्या अंतरावर असतो. कोरड्या गवताने भरलेल्या काजूबागेत अशी ठिणगी एका माणसापुरती थांबेलच असे नाही.

अवजाराविना चालणारे झाकण याच ठिकाणी उपयोगी पडते. त्याचे दोन प्रकार दिसतात. एका प्रकारात आटे असतात, पण झाकणाची पकड मोठी व खाचेदार असल्याने ते हातानेच पुरेसे आवळता येते. दुसऱ्या प्रकारात झाकणावर घडीची मूठ असते. मूठ उभी करायची, झाकणावरील खूण टाकीवरील खुणेशी जुळवायची, झाकण दाबून सुमारे पाव वळण फिरवायचे आणि मूठ पुन्हा आडवी पाडायची. हातमोजे न काढता हे जमते. झाकण बहुधा आतून दोरीने बांधलेले असल्याने ते मातीत पडत नाही. मुख्य म्हणजे घट्टपणा हा मनगटाच्या जोरावर वा अंदाजावर सोडलेला नसतो. झाकण बसले किंवा बसले नाही, एवढ्या दोनच अवस्था उरतात आणि मूठ पूर्ण आडवी पडली की नाही हे लांबूनही दिसते. ज्या कामगाराला यंत्राची पुस्तिका वाचता येत नाही, त्याच्या दृष्टीने ही दिसण्याजोगी खूण मोलाची आहे.

तरीही येथे एक मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. आट्यांच्या झाकणात रबरी कडी थोडी झिजली तर झाकण अधिक आवळून ती उणीव काही काळ झाकता येते. पाव वळणाच्या झाकणात तशी सोय नाही. ते ठरावीक जागी येऊन थांबते आणि त्यानंतरची सारी भिस्त रबरी कडीवर असते. कडी कडक झाली, चिरली किंवा तिच्यावर भुशाचा एक कण बसला, तर मूठ व्यवस्थित आडवी पडूनही पेट्रोल झिरपू शकते. काही झाकणांत आतील भाग वरच्या भागाच्या तुलनेत फिरून चुकीच्या जागी राहतो. मग झाकण बसल्यासारखे दिसते, पण अडकलेले नसते. म्हणून झाकण लावल्यावर ते वर ओढून पाहणे आणि यंत्र झाकणाच्या बाजूला कलते करून थेंब येतो का ते पाहणे, या दोन कृती पाना गेला तरी जाता कामा नयेत. पाना वाचला, पाहणी वाचली नाही.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलामुळे या पाहणीचे महत्त्व आणखी वाढले आहे. देशातील पंपांवर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. चेनसॉसारख्या लहान टू-स्ट्रोक इंजिनांच्या अनेक पुस्तिकांमध्ये मात्र इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि ज्या रबराची व प्लॅस्टिकची घडण त्यासाठी केलेली नाही ते फुगते, आकसते किंवा ठिसूळ होते. झाकण आणि त्याची कडी हे त्यातील पहिले बळी ठरू शकतात. काल सहज बसणारे झाकण आज अडखळत असेल तर ते जोराने दाबून बसवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तो बदलण्याचा इशारा आहे. पावसाळ्यात यंत्र महिनोन्महिने पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करूनच ठेवावी.

तेलाच्या झाकणाकडे तर त्याहूनही कमी लक्ष जाते. साखळीचे तेल इंजिनातील तेलासारखे फिरून परत येत नाही. ते साखळीबरोबर बाहेर पडते आणि भुशात मिसळून संपते. पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत तेल पुरावे, अशा बेताने दोन्ही टाक्यांची मापे ठरवलेली असतात. पेट्रोल भरताना तेलही भरायचे, हा नियम त्यातूनच आला. तेलाचे झाकण उघडणे त्रासाचे असेल तर हा नियम मोडतो. ‘अजून असेल’ असे म्हणून काम पुढे रेटले जाते, साखळी कोरडी चालते, पट्टी तापते आणि साखळी ताणली जाऊन तुटण्याची शक्यता वाढते. दुसरीकडे झाकण गळत असेल तर तेल बुंध्याशी, मातीत जाते. त्यातही इंजिनातून काढलेले जळके तेल साखळीला वापरण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. धातूचे कण आणि घातक रसायने असलेले हे तेल कामगाराच्या कातडीला, पंपाला आणि जमिनीला, तिघांनाही अपायकारक आहे.

जुन्या झाकणाच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे. ते स्वस्त असते, तालुक्याच्या बाजारात मिळते आणि त्यात मोडण्यासारखे भाग कमी असतात. नीट पाना वापरणाऱ्या कसबी माणसाच्या हाती ते वर्षानुवर्षे टिकते. हा युक्तिवाद खोटा नाही. पण तो स्वतःचे यंत्र स्वतः वापरणाऱ्या माणसाचा आहे. आपल्याकडील बहुसंख्य यंत्रे अवजार बँकेतून, भाडे केंद्रातून किंवा झाडे तोडणाऱ्या टोळीकडून येतात. एक यंत्र आठवड्यात अनेक हातांतून जाते. अशा व्यवस्थेत सुरक्षितता कसबी माणसाच्या सवयीवर नव्हे, तर नवख्या माणसाच्या चुकीवर बेतलेली असावी लागते.

यासाठी विस्तार यंत्रणेला नवी योजना आखण्याची गरज नाही. देशात ७०० हून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत. चेनसॉचे प्रात्यक्षिक जेथे जेथे होते, तेथे पहिली दहा मिनिटे झाकणांसाठी राखून ठेवावीत. प्रशिक्षण यंत्र चालवणाऱ्यापुरते न ठेवता टाकी भरणाऱ्या मदतनिसालाही द्यावे, कारण बहुतेक टोळ्यांत चालवणारा झाडाशी असतो आणि भरणारा दुसराच असतो. त्याला शिकवायचा क्रम छोटा आहे. इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. यंत्र मोकळ्या जमिनीवर, झाकणे वर येतील असे आडवे ठेवावे. झाकणाभोवतीचा भुसा फडक्याने पुसावा. पेट्रोलची आणि तेलाची खूण ओळखावी. उन्हात टाकीत दाब साठतो, म्हणून झाकण सावकाश उघडावे. टाकी काठोकाठ भरू नये. झाकण लावून ओढून पाहावे, सांडलेले पुसावे आणि भरल्या जागेपासून किमान तीन मीटर दूर जाऊनच यंत्र सुरू करावे. कपड्यांवर पेट्रोल सांडले असल्यास ते बदलल्याशिवाय यंत्राला हात लावू नये.

अवजार बँकांनी खरेदीच्या अटींत तीन ओळी वाढवाव्यात : दोन्ही झाकणे अवजाराविना उघडणारी असावीत, ती टाकीशी बांधलेली असावीत, आणि प्रत्येक यंत्रासोबत मूळ बनावटीची जादा झाकणे व रबरी कड्या मिळाव्यात. यंत्र भाड्याने देताना आणि परत घेताना नोंदवहीत झाकणांचा रकाना असावा. ज्यांच्याकडे आजच खाचेचे झाकण असलेले यंत्र आहे, त्यांनी ते टाकून देण्याचे कारण नाही. जोडपाना इंधनाच्या कॅनला दोरीने बांधावा आणि झिजलेल्या खाचेचे झाकण विनाविलंब बदलावे. एका रबरी कडीचा खर्च भाजलेल्या हाताच्या एका दिवसाच्या मलमपट्टीहून कमी असतो. पुढील खरेदीसाठी दुकानात जाणाऱ्या शेतकऱ्याने विक्रेत्याला यंत्र सुरू करून दाखवण्याआधी दोन्ही झाकणे हातमोजे घालून उघडून व लावून दाखवण्यास सांगावे.