फोनवर मराठी शिकवता येते काय?

सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांतून चालतात. त्यांत मराठी एक. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत मागावर पोट भरायला आलेल्या धुळे, नंदुरबार, जळगावकडच्या माणसांची मुले या शाळांत बसतात. तेव्हा सीमेवरच्या आपल्या गावांचाही हा प्रश्न आहे.

मार्च २०२० मध्ये गुजरातेत शाळा बंद झाल्या. पहिली ते पाचवीचे वर्ग पुन्हा भरायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. त्या काळात भाषेच्या शिक्षकांनी ऑनलाईन शिकवण्याला नाके मुरडली, असा ठपका आजही ठेवला जातो. आम्हा शिक्षकांत दोन तट होते हे खरे. तरुण मंडळी आवाज भरून पाठवीत. जुनी म्हणत, गणिताची रीत फोटोत दाखवता येईल, पण मुलाचे वाचन कोण ऐकणार? आम्ही जुन्यांच्या बाजूचे, आणि ते यंत्राच्या धास्तीने नव्हे.

या मुलांच्या घरी अहिराणी, गल्लीत हिंदी नाहीतर गुजराती. प्रमाण मराठी कानी पडते ती वर्गातच. मूल 'डोया' म्हणते, तेव्हा त्याला न हिणवता 'डोळा' लिहायला शिकवावे लागते. त्यासाठी ते समोर हवे. इथे घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप बारा तासांच्या पाळीवर! नुसती चित्रफीत पुढे ढकलून हजेरी भरणारेही आमच्यात होते; त्यांची वकिली आम्ही करणार नाही.

दूरदर्शनच्या गिरनार वाहिनीवरचे पाठ मुख्यतः गुजरातीतून होते. सह्याद्रीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' लागली. मालिका चांगली, पण ती बालभारतीच्या पुस्तकांवर. सुरतेची मुले गुजरात पाठ्यपुस्तक मंडळाची मराठी पुस्तके शिकतात. नवापूरचे स्थानक अर्धे या राज्यात, अर्धे त्या राज्यात आहे. अभ्यासक्रमाला मात्र असा सामाईक फलाट नाही.

त्यातल्या त्यात गल्लीत, ओट्यावर जाऊन शिकवण्याचा गुजरातचा 'शेरी शिक्षण' उपक्रम आम्हांला पटला. मूल तिथे निदान तोंड उघडून वाचत होते.

दोन्ही राज्यांच्या मंडळांनी एकत्र बसून गुजरातच्या मराठी पुस्तकांवरचे पाठ आताच तयार करून ठेवावेत, आणि ओट्यावरच्या वर्गांना रीतसर मान्यता द्यावी. २००६ सारखा तापीचा पूर पुन्हा आला, तर शाळा परत बंद राहतील.