चुलीचा आराखडा आणि चुलीपुढची बाई

'लोकसहभाग' हा शब्द आता सरकारी परिपत्रकापासून कंपनीच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे सापडतो. वस्तू घडवणारे तंत्रज्ञही हल्ली म्हणतात की, आमची दारे खुली आहेत, वापरणाऱ्यांनी आत यावे, सुचवावे. ऐकायला बरे वाटते. पण दार कोणत्या वेळी उघडते आणि आत आलेल्या बाईच्या शब्दाने आराखड्यातली एखादी रेघ तरी हलते का, हे विचारल्याशिवाय मला समाधान होत नाही. चुलीचेच बघा.

सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला आणि २००२ मध्ये केंद्र सरकारने तो थांबवला. या काळात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली. हेतू चांगलाच होता. बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी व्हावा, सरपण वाचावे. पण कार्यक्रम चालला उद्दिष्टावर. अमुक तालुक्यात मार्चअखेर अमुक चुली, अनुदान, नोंद, पुढचे गाव. यातल्या किती तरी चुली लवकरच बंद पडल्या. मग ठरलेले स्पष्टीकरण आले: बायका अडाणी, चूल साफ ठेवत नाहीत, जुनी सवय सोडत नाहीत.

मराठवाड्यातल्या एका गावात आम्ही बायकांच्या गटाशी याबद्दल बोलत बसलो होतो. अडाणीपणाचा मुद्दा काढताच एका मावशींनी सरळ विचारले, "भाकरी फुगवायची कुठं?" तव्यावर दोन्ही बाजू भाजल्या की भाकरी चुलीच्या तोंडाशी, आरापुढे उभी लावायची असते. नव्या चुलीचे तोंड जळण वाचावे म्हणून लहान केलेले. तिथे ना आर पुढे ओढता येतो, ना भाकरी टेकवता येते. दुसरीने पऱ्हाट्या आणि तुरकाट्या दाखवल्या. घरात जळण तेच, लांबलचक. ते बारीक तोडायचे काम कोणाचे, हे सांगायला नको. धुरांड्यात काजळी धरली की ते साफ करायला छपरावर चढायचे. लुगडे नेसून, भरल्या घरात, सुनेने? शेवटी बाईने कोपऱ्यातली जुनी तीन दगडांची चूल पुन्हा पोतारून घेतली, यात अडाणीपणा कुठे आहे? हे सगळे प्रश्न पहिली चूल बांधण्याआधी एका दुपारी समजले असते.

समजून घेता येतात, याचा दाखलाही आहे. चंदीगडच्या वास्तुरचनाकार मधु सरीन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हरियाणातल्या नाडा गावी तिथल्या बायकांबरोबर चूल विकसित केली. ती 'नाडा चूल' म्हणून ओळखली गेली. मातीची, धुरांड्याची, घरातल्या भांड्यांच्या मापाने जागेवरच बांधायची. बांधणाऱ्या बायकाच होत्या. माती ही बाईच्या हाताखालची वस्तू, त्यामुळे बदल सुचवायला तिला कागद लागत नव्हता. इथे बाई 'लाभार्थी' नव्हती, कारागीर होती.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. रीमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओरिसात सुमारे २,६०० कुटुंबांत सुधारित चुलींचा चार वर्षे मागोवा घेतला. २०१२ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढे तो फरक उरला नाही, कारण चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची दुरुस्ती झाली नाही. बायकांना चूल मिळाली, पण ती मोडली तर काय, याचे उत्तर मिळाले नाही, असा मी त्याचा अर्थ लावते.

आता खुलेपणाबद्दल. फिलिप्स कंपनीच्या डिझाइन विभागाने पुण्याच्या 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेसारख्यांना बरोबर घेऊन एक चूल तयार केली. धुरांडे घरातूनच साफ करता यावे, अशी तिची रचना होती. २००९ मध्ये तिला डेन्मार्कचा 'इंडेक्स' पुरस्कार मिळाला. कंपनीने आराखडा इतरांना विनामूल्य वापरू दिला. ही गोष्ट मोठीच आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण फुकट आराखडा कोणाच्या उपयोगाचा? ज्याला तो वाचता येतो, साचा करता येतो, त्यासाठी पैसे उभे करता येतात त्याच्या. साचा एकदा पडला की तोंड दोन बोटे रुंद करा, हे सांगणाऱ्या बाईला पुन्हा जागा नाही. आराखडा खुला असणे आणि तो बदलण्याचा अधिकार असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

सगळ्यांना विचारत बसलो तर काम होणार कधी, असे तंत्रज्ञ म्हणतात. त्यांचे थोडे खरे आहे. डोळ्यांना न दिसणारा विषारी वायू मोजायला यंत्रच लागते आणि बायकांना आवडलेली चूल फुप्फुसाला वाईट असू शकते. तेव्हा 'नाही' म्हणण्याचा हक्क तंत्रज्ञालाही आहे. मात्र कारण सांगून. शिवाय 'बायका' म्हणजे एक बाई नव्हे. बैठकीत सासू बोलते, स्वयंपाक सून करते. सरपंचांच्या घरी लाकूड विकत येते, भूमिहीन बाई काट्याकुट्या वेचते. कोणाला विचारले, हे कोणी लिहून ठेवत नाही.

आणि मैत्रिणींनो, या सहभागाचे पैसे कोण देते? इंजिनियर गावात येतो तो पगारावर, भत्त्यावर. नव्या चुलीवर आठ दिवस रांधून पाहणारी, धुराची, जळणाची, करपलेल्या भाकरीची नोंद देणारी बाई मात्र हे सारे 'आवडीने' करते. तिचा रोज बुडतो. तिच्या सूचनेवरून झालेल्या बदलाखाली नाव असते संस्थेचे.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेत दहा कोटींहून अधिक घरांत गॅसजोडण्या गेल्या. पण सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पेटतेच. म्हणजे चुलीचा प्रश्न अजून संपलेला नाही, नव्या चुलींचे प्रस्तावही येत राहतील. आपल्या गटाकडे असा प्रस्ताव आला तर अंदाजपत्रकाचे पान आधी उघडावे. रांधून पाहणाऱ्या बायकांचा रोज त्यात धरला आहे का, आणि सहा महिन्यांनी परत येऊन चूल फोडून नव्याने बांधायचे पैसे ठेवले आहेत का, हे बघावे. नसतील तर सही करू नये.