न जुळलेल्या आकृतीचे मोल

सहामाही परीक्षेचे गुणतक्ते भरून झाले की, दिवाळीच्या सुटीपूर्वी आकाशकंदिलांचे व रांगोळ्यांचे प्रदर्शन मांडण्याचा आपल्या शाळांतून शिरस्ता आहे. आणि ज्या गणितशिक्षकाने वर्षभर प्रमेये घोकवून घेतलेली असतात, तोच त्या दिवशी, हे खाते चित्रकलेच्या मास्तरांचे आहे अशा समजुतीने, हात मागे बांधून कौतुक करीत हिंडतो. भूमितीचे दप्तर निराळे व हस्तकलेचे निराळे ही वहिवाट मोडावी, एवढेच आम्हांस येथे सुचवावयाचे आहे.

समान लांबीच्या चार कामट्या दोऱ्याने बांधून मुलाला चौरस करावयास सांगावे. चारही बाजू समान झाल्या म्हणजे चौरस झाला, असे मानणाऱ्या त्या मुलाच्या हातात चौकट तिरपी होऊन समभुज चौकोन बनते, आणि व्याख्येत काटकोनाची अट कशासाठी आहे हे, फळ्यावर कधीही न पटलेले, त्याला त्या क्षणी पटते. मग तो दोन्ही कर्ण दोऱ्याने मापून सारखे करू लागतो, जसा सुतार दाराची चौकट गुण्यात आहे की नाही ते पाहतो. असे सहा चौरस कोपऱ्यास कोपरा जोडून बांधले की, कोणी मुद्दाम न करता, त्यांच्यामध्ये आठ समभुज त्रिकोण उभे राहतात. १२ शिरोबिंदू, २४ कडा व १४ पृष्ठे यांचा हा हिशेब मुलांनी स्वतःच मांडावा. तथापि सांगाडा डुगडुगतोच. अवकाशातील १२ बिंदू एकमेकांशी पक्के करावयास ३ × १२ − ६, म्हणजे किमान ३० बंधने लागतात. प्रत्येक चौरसात कर्णावर एकेक कामटी घातली की उणी असलेली सहा भरून निघतात आणि कंदील ताठ उभा राहतो.

रांगोळीचेही तेच. ‘सात ते चार, मधले ठिपके’ मांडणारी मुलगी ओळीओळीने ३७ ठिपके घालते. तेच ठिपके मध्यापासून कड्याकड्यांनी मोजले, तर १, ६, १२ व १८ अशी त्यांची बेरीज होते. त्यावर षट्कोन आपसूक बसतो, सरळ ठिपक्यांवर चौरस बसतो. पुस्तकातला नमुना गिरवू न देता स्वतःचा रचावयास सांगितल्यावर एखादी मुलगी हौसेने जास्वंद काढावयास घेते, आणि पाचही पाकळ्यांची टोके ठिपक्यांवर सारख्या अंतराने काही केल्या येत नाहीत. ‘तुझे चुकले’ म्हणून खडू हातात घेण्याचा मोह शिक्षकाने येथे आवरावा. कारण तिचे चुकलेले नाही, कोणत्याही ठिपक्यांच्या जाळीवर सुसम पंचकोन बसतच नाही, आणि तो का बसत नाही हा प्रश्न तासभर वर्गात राहू देणे यापरते भूमितीचे अध्यापन आम्हांस ठाऊक नाही.

ही रीत परकी नव्हे व नवीही नव्हे. टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांवरील आपला भूमितिग्रंथ १८९३ साली मद्रास येथे प्रसिद्ध केला, तो फ्रोबेलच्या बालोद्यानातील घडीकामावरून सुचून. आणि मुलांचा खेळ समजल्या जाणाऱ्या त्या साधनाची दखल फेलिक्स क्लाइनसारख्या जर्मन गणितज्ञाने घेतल्यावर १९०१ साली त्याची अमेरिकन आवृत्तीही निघाली.

अभ्यासक्रमाची मुदत तोकडी आहे ही शिक्षकांची कैफियत खोटी नाही. परंतु चौरस आणि समभुज चौकोन यांतला भेद दर वर्षी नव्याने समजावण्यात जाणारा वेळही त्याच हिशेबात धरावा लागेल. उलट पक्षी, हस्तव्यवसाय म्हणजेच भूमिती असाही कोणी समज करून घेऊ नये: कंदील सुंदर झाला आणि ‘का’ हा प्रश्न निघालाच नाही, तर तो तास चित्रकलेचाच झाला. ‘का’ बहुधा निघतो तो जेथे काही जुळले नाही तेथे, आणि नेमकी तीच जागा प्रदर्शनापूर्वी आपण पुसून टाकतो. यास्तव वाचक-शिक्षकांस विनंती अशी की, जुळलेल्या आकृत्या खुशाल दालनात मांडाव्या. न जुळलेल्या मात्र, मुलांनी त्यांवर काढलेल्या तर्कांसह, आमच्याकडे पाठवाव्या. पुढील अंकाची काही पाने त्यांच्यासाठी राखून ठेवण्याची तजवीज आम्ही केली आहे.