परत बोलावलेली गाडी घ्यावी काय?

मोशीच्या भारतमाता चौकात सकाळी सातच्या सुमारास दहा मिनिटे उभे राहिले, तरी या औद्योगिक पट्ट्याचे अर्थशास्त्र नजरेसमोरून सरकत जाते. भोसरीच्या लहान कारखान्यांत रात्रपाळीला तयार झालेले सुटे भाग क्रेटांत भरून चाकणकडे निघालेले असतात. उलट दिशेने खेड-चाकणचा भाजीपाला आणि कांदा-बटाटा शहराकडे येत असतो. या दोन्ही प्रवाहांचे वाहन बहुधा एकच असते, ते म्हणजे पिकअप किंवा तिची धाकटी बहीण 'छोटा हत्ती'. आणि पुष्कळदा ती चालवणारा तरुणच तिचा मालक असतो. कागदोपत्री अर्थात मालकी त्याची आणि बोजा बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा.

असाच एक भावी मालक, माझा माजी विद्यार्थी, गेल्या महिन्यात घरी आला. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन तो चार वर्षे एका कारखान्यात कंत्राटी कामावर होता. आता स्वतःची गाडी घेऊन भोसरी-चाकण फेऱ्या धरण्याचा त्याचा बेत आहे. एक जुनी पिकअप त्याला मिळत होती. त्या वर्षाच्या गाडीचा भाव सहा लाखांच्या आसपास असताना मालक ती पाच लाख साठ हजारांत द्यायला तयार होता. चाळीस हजारांची सूट कशासाठी, तर त्या तुकडीतील गाड्या इंजिनाच्या दोषावरून कंपनीने परत बोलावल्या होत्या. "सर, घ्यावी की सोडून द्यावी?" एवढाच त्याचा प्रश्न. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला विद्यार्थी असले प्रश्न वर्गात कधी विचारत नाहीत, हे आमचे दुर्दैव.

'परत बोलावणे', ज्याला आता सर्रास 'रिकॉल' म्हणतात, ही कल्पना आपल्या बाजारपेठेत तशी नवी आहे. वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने जुलै २०१२ मध्ये यासंबंधीची ऐच्छिक संहिता स्वीकारली. तोपर्यंत दोष निघालाच, तर गाडी नेहमीच्या सर्व्हिसिंगला आली असता भाग गुपचूप बदलून देण्याचीच रीत अधिक होती. त्यामुळे परत बोलावलेली गाडी म्हणजे वाईट गाडी आणि जिच्याबद्दल काही ऐकले नाही ती चांगली, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. वस्तुतः हे समीकरण चुकीचे आहे. आणि ते का चुकीचे आहे हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही.

जुलै २०२१ मध्ये महिंद्र कंपनीने आपल्या नाशिकच्या कारखान्यात २१ जून ते २ जुलै या काळात तयार झालेल्या सहाशेहून कमी डिझेल गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. कारखान्यात आलेल्या इंधनाचा एक साठा दूषित होता आणि त्यामुळे इंजिनाचे भाग अकाली झिजण्याची शंका होती. आवश्यक तेथे इंजिनच बदलून देण्याची तयारी कंपनीने जाहीर केली. पुढच्याच महिन्यात त्याच कंपनीने जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळातल्या २९,८७८ पिकअप गाड्या परत बोलावल्या. द्रव वाहून नेणाऱ्या एका नळीची जोडणी नीट झाली नसल्याचा संशय हे त्याचे कारण होते. पहिल्या प्रकरणात दोष काही दिवसांचा आणि मोजक्या गाड्यांचा होता, दुसऱ्यात तो वर्षभराच्या उत्पादनात पसरलेला होता. परंतु दोन्ही ठिकाणी दोषाची जागा माहीत होती, काळ माहीत होता आणि उपायही माहीत होता. ज्या गाडीवर हे काम पुरे झाले आहे, तिच्या त्या भागाबद्दल खरेदीदाराला शेजारच्या न बोलावलेल्या गाडीपेक्षा अधिक माहिती असते.

याहून निराळ्या जातीची प्रकरणे मात्र आहेत. जनरल मोटर्सने २०१३ साली १,१४,००० टवेरा गाड्या परत बोलावल्या. त्यातला दोष अपघाताने शिरलेला नव्हता. सरकारी तपासणीसाठी कमी धूर सोडणारी इंजिने निवडून बसवली जात होती, अशी कबुली कंपनीनेच सरकारला दिली आणि काही कर्मचाऱ्यांना कामावरून काढले. दोन वर्षांनी फोक्सवॅगनचे जागतिक प्रकरण उघडकीस आले. चाकणला २००९ पासून ज्या समूहाचा कारखाना आहे, त्याने डिसेंबर २०१५ मध्ये भारतातील ३,२३,७०० डिझेल मोटारी परत बोलावण्याचे जाहीर केले. पुण्याच्या 'एआरएआय' या संस्थेने केलेल्या चाचण्यांत रस्त्यावरचे उत्सर्जन प्रयोगशाळेतल्यापेक्षा कितीतरी अधिक आढळले होते. या प्रकारात एक चमत्कारिक गोष्ट घडते. गाडी मालकाला काहीच त्रास देत नसते, ती उत्तम ओढते. दुरुस्तीचा फायदा रस्त्यावरच्या इतरांच्या फुफ्फुसांना होतो, आणि मालकाला मात्र भीती वाटते की दुरुस्तीनंतर ॲव्हरेज घटेल. असा मालक वर्कशॉपची पायरी उत्साहाने कशी चढेल?

तेव्हा पहिला प्रश्न गाडी परत बोलावली होती काय, हा नसून ती कशासाठी बोलावली होती, हा आहे. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे: या गाडीवर, म्हणजे या चेसिस क्रमांकाच्या गाडीवर, ते काम झाले आहे काय?

इथे जुन्या बाजाराची खरी गोम आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटासा निबंध लिहिला आणि त्यासाठी २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, गाडीचे खरे गुणदोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना सरासरी भाव देतो, चांगल्या गाडीचा मालक त्या भावात विकत नाही, आणि बाजारात उरतात त्या प्रामुख्याने फसव्या गाड्या. आमच्या पट्ट्यात परिस्थिती याहून एक पायरी पुढे गेली आहे. कंपनीचे पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते, फोनही त्याच्याच क्रमांकावर. दरम्यान गाडी दुसऱ्या, क्वचित तिसऱ्या हातात गेलेली असते. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलते, पण कंपनीच्या वहीतले नाव बदलतेच असे नाही. अशा वेळी विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. माझ्या विद्यार्थ्याला गाडी देऊ करणारा गृहस्थ दुसरा मालक होता. काम झाले की नाही, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले नाही असे नव्हे. त्याला ते माहीतच नव्हते. चाळीस हजारांची सूट ही दोषाची किंमत नव्हती, ती अज्ञानाची किंमत होती.

ही सूट कितपत पुरेशी आहे, याचा हिशेब आम्ही दोघांनी कागदावर मांडला. गाडीसाठी १,४०,००० रुपये स्वतःचे आणि ४,२०,००० रुपये कर्ज धरले, तर १४ टक्के व्याजाने चार वर्षांसाठी महिन्याचा हप्ता सुमारे साडेअकरा हजार येतो. डिझेल आणि किरकोळ खर्च वजा जाता दिवसाला दीड हजार सुटतात असे धरू. हप्ता यातूनच द्यायचा. म्हणजे चाळीस हजार ही सुमारे सत्तावीस दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची किंमत झाली. दुरुस्ती एका दिवसात होणार असेल, तर ही सूट घसघशीत आहे. इंजिन एखाद्या चढावर बसले आणि भाग येईपर्यंत महिना गेला, तर ती अपुरी आहे. शिवाय या हिशेबात एक रकाना रिकामाच राहतो. ज्या कारखान्याचा माल तो वाहणार, तेथील पर्यवेक्षक त्याच्या गाडीची वाट पाहत महिनाभर थांबणार नाही. फेऱ्या दुसऱ्याकडे जातील, आणि गेलेल्या फेऱ्या गाडी सुरू झाली म्हणून परत येत नाहीत. नोकरदाराची मोटार बंद पडली तर तो त्या दिवशी बसने जातो. पिकअपवाल्याची गाडी बंद पडली की त्याची नोकरीच बंद पडते.

कायदा याबाबतीत काय म्हणतो? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ११०-अ हे कलम घालण्यात आले आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांत दोष आढळल्यास ती परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकते आणि दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. उत्पादकाने स्वतःहून दोष कळवून गाड्या परत बोलावल्या, तर दंड होत नाही. ही तरतूद मला शहाणपणाची वाटते. जॅरेल आणि पेल्ट्झमन या अर्थशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये असे दाखवले होते की, औषधे किंवा मोटारी परत बोलावणाऱ्या कंपन्यांच्या भागांची किंमत दुरुस्तीच्या खर्चाहून कितीतरी अधिक घसरते. त्यांच्या आकडेमोडीवर पुढे आक्षेपही घेतले गेले. पण बाजार कबुलीलाच शिक्षा करू लागला तर कबुली देणार कोण, हा प्रश्न उरतोच. दंडातून सूट हे त्यावरचे थोडेसे औषध आहे.

परंतु या कलमाची नजर सुरक्षिततेवर आणि पर्यावरणावर आहे. चालक, प्रवासी, रस्त्यावरील इतर माणसे किंवा पर्यावरण यांना अपाय करणारा दोष, एवढाच त्याचा विषय. ज्या दोषाने कोणी जखमी होत नाही, फक्त गाडी उभी राहते आणि हप्ता थकतो, तो या व्याख्येत बसवणे कठीण. भाग फुकट मिळतो, मजुरी फुकट मिळते. उभ्या दिवसांची भरपाई कोणी देत नाही. त्यासाठी ग्राहक आयोगाचे दार ठोठवावे, तर तेथे पहिला आक्षेप ठरलेला असतो की हे वाहन व्यापारी हेतूने घेतले आहे, सबब तुम्ही ग्राहकच नाही. या आक्षेपाला भिऊन पुष्कळजण परत फिरतात. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणातील निवाडा माहीत करून घेतला पाहिजे. स्वतः चालवून उपजीविका करण्यासाठी ट्रक किंवा रिक्षा घेणारा हा ग्राहकच होय, मदतीला एखाददुसरा माणूस ठेवला म्हणून त्याचे ग्राहकत्व जात नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यातही स्वयंरोजगाराचा हा अपवाद कायम आहे. मात्र तीन गाड्या घेऊन तिघा चालकांवर धंदा सोपवणाऱ्याने या निवाड्याच्या भरवशावर राहू नये.

खरी उणीव, माझ्या मते, कायद्यापेक्षा नोंदीची आहे, आणि ती भरून काढण्याचे साधन सरकारच्या हाताशी तयार आहे. खासगी मोटारीला पंधरा वर्षे कोणी विचारत नाही. मालवाहू गाडीला मात्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्रासाठी, आपल्या भाषेत पासिंगला, जावेच लागते. तेथे ब्रेक पाहतात, दिवे पाहतात, मागची लाल पट्टी पाहतात. त्याच वेळी चेसिस क्रमांकावरून परत बोलावल्याचे काम बाकी आहे काय, हे पाहणे आणि ती नोंद नाव बदलण्याच्या अर्जाला जोडणे अवघड नाही. जर्मनीत वाहनाच्या आजच्या मालकाचा पत्ता सरकारी नोंदणी कार्यालयच उत्पादकाला पुरवते, आणि गंभीर दोषाची दुरुस्ती टाळणाऱ्याची गाडी रस्त्यावरून काढून घेतली जाऊ शकते. अमेरिकेत २०१४ पासून कोणीही गाडीचा क्रमांक घालून सरकारी संकेतस्थळावर बाकी काम पाहू शकतो. आपल्याकडे काही कंपन्या आपापल्या संकेतस्थळांवर ही सोय देतात. पण जुन्या बाजारात दहा कंपन्यांच्या गाड्या पाहत हिंडणाऱ्या तरुणाला दहा दारे ठोठवायला लावण्यापेक्षा, 'वाहन' या सरकारी नोंदवहीत एक रकाना वाढवणे सोपे नाही काय?

तो रकाना येईल तेव्हा येवो. माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले की इसार देण्यापूर्वी गाडी मालकासह कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ने, चेसिस क्रमांक दाखव, काम झाले असल्यास त्याचा कागद माग आणि झाले नसल्यास ते आधी करवून घे. कागद मिळाला तर गाडी घे, न मिळाला तर सूट कितीही असली तरी सोड.

आठ दिवसांनी तो पुन्हा आला. काम बाकी निघाले होते. पत्र पहिल्या मालकाच्या गावी, बीड जिल्ह्यात, गेले होते. वर्कशॉपने दीड दिवसात भाग बदलला, पैसे घेतले नाहीत आणि शिक्क्यानिशी कागद दिला. तो कागद वाचून मालकाने गाडीची किंमत सहा लाख केली. आता यात दोष कसला राहिला, असे त्याचे म्हणणे. विद्यार्थी म्हणाला, "सर, कागद तुमच्या सांगण्यावरून काढला, आता चाळीस हजार वाढले." मी त्याला चहा दिला आणि आम्ही पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पाच लाख पंच्याऐंशी हजारांपर्यंत जायला हरकत नाही, असे निघाले. मालक अजून पाच लाख नव्वदवर अडून आहे.